विसळणारीची जागा

भांडी घासायच्या मशीनच्या पोटात, अगदी तळाशी, एक जाळी असते. पेल्याएवढी, गोल. उलटी फिरवली की सुटून हातात येते. रोज सकाळी पाटावर बसून, डोकं मशीनमध्ये घालून मी ती काढते आणि जुन्या टूथब्रशनं घासते. तिच्यात तुरीच्या डाळीचं साल निघतं, मिरचीचं देठ निघतं, जाऊबाईंनी ताटाखाली दडवलेल्या भाताची शितं निघतात. मग पाणी उडवणारा वरचा-खालचा पंखा बोटानं फिरवून पाहते, कुठे अडत तर नाही ना. पंख्याच्या भोकांत काही बसलं असेल तर गोधडीच्या सुईनं टोकरते. या मशीनचं मीठही वेगळं असतं, जाड खड्याचं. ते संपत आलं की पुण्याला पुतण्याला फोन करते. अख्ख्या आर्णीत मशीनला इतकं जपणारी दुसरी बाई नसेल. दुसरं मशीन तरी कुठे आहे म्हणा.

आणि हेच मशीन मी काही महिने मुद्दाम बंद पाडून ठेवलं होतं. ते काहून, हे सांगायचं तर आधी एका भवानीची ओळख करून द्यावी लागेल.

ती भवानी लग्न होऊन यवतमाळहून आर्णीला आली. यवतमाळ म्हणजे तिच्या लेखी विलायतच. अकरावीपर्यंत शिकलेली, नखांना लाल रंग, पेटीत प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ, आणि तोंडाला दार म्हणून नाही. सासरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिला प्रश्न विचारला, "नळ कुठी हाय?" नळ नव्हता. मागच्या दारी विहीर होती, विहिरीच्या कडेला दगडी फरशी, फरशीवर दोन पाट, राखेचं घमेलं आणि खरकट्या भांड्यांचा हा ढीग. एका पाटावर मोठी जाऊ बसलेली, पदर खोचलेला, कोपरापर्यंत राख. दुसरा पाट रिकामा होता. तो या महाराणीसाठी होता.

ती महाराणी म्हणजे मीच. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीची आठवण झाली की वाटतं, हिच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. पण हात उचलेपर्यंत हसूच येतं.

आल्या आठवड्यातच तिनं आपली हुशारी दाखवली. कढीचं पितळी पातेलं आतून पांढुरकं, मळकट दिसत होतं. तिच्या मनात आलं, या लोकांना भांडीसुद्धा घासता येत नाहीत. तिनं विटेचा चुरा घेतला, नारळाची शेंडी घेतली आणि आतून पिवळंधमक पितळ निघेपर्यंत ते पातेलं घासलं. हात सोलवटले, पण पातेलं सोन्यासारखं झालं. कुणाला न सांगता नेऊन चुलीपाशी ठेवलं. म्हटलं, आपोआप दिसेल आणि आपोआप कौतुक होईल.

ती पांढरी घाण म्हणजे कल्हई होती. लग्नाच्या आधी सगळ्या भांड्यांना नवी लावून घेतलेली. दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात कढी झाली, ती पितळानं कळकली, आणि सासरे, मोठे दीर आणि आमचे हे, तिघेही पहिल्याच भुरक्याला तोंड वाकडं करून ताटावरून उठले.

सासूबाईंनी पातेलं आणून फरशीवर आदळलं. "कोनं घासलं हे?"

यवतमाळच्या विलायतीचं तोंड जन्मात पहिल्यांदा बंद झालं. जाऊबाई खाली मान घालून तवा घासत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "म्या घासलं, आत्याबाई. ध्यानात नाई राह्यलं."

सासूबाई बडबडत आत गेल्या. जाऊबाईंनी आधी माझ्या नखांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "छोटे, तू घासत नको जाऊ. तू इसळत जाय."

तेव्हापासून मी छोटी झाले. त्या घासायच्या, मी विसळायची. सून म्हणून मी आले, आई झाले, विधवा झाले, आजी झाले, पण राखेकडच्या पाटावर बसायची बढती मला कधी मिळाली नाही. पितळ मोडीत गेलं, स्टील आलं. विहिरीतलं पाणी गेलं, मग पोरांनी ती बुजवून टाकली आणि बोअर केली. नळ आला. सासू-सासरे गेले, मोठे दीर गेले, मग आमचे हे गेले. पोरं शिकून बाहेर लागली. दोन पाट तेवढे मागच्या दारी जिथल्या तिथे राहिले. बोलायचं ते आम्ही तिथेच बोललो. रडायचं तेही तिथेच. भांड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

तिथेच एकदा त्या पोरीनं बातमी दिली होती की परदेशात भांडी घासायचं मशीन असतं. मासिकात फोटो पाहिला होता तिनं. जाऊबाईंनी घासणं थांबवून विचार केला.

"त्या मशीनले सासू असते काय?"

"नाई वो बाई."

"मंग थे कायले घासन?"

मी अशी हसले की हातातला तांब्या विहिरीत गेला. त्यासाठी दोघींनी बोलणी खाल्ली.

ते मशीन शेवटी आमच्या घरी आलं. त्या पोरीची हौस फिटली, पण पोरगी कुठे उरली होती! जाऊबाईंच्या मुलानं पुण्याहून पाठवलं. तो माझा पुतण्या, पण माझ्याच मांडीवर वाढलेला. कारण होतं आईचे हात. साखरेचा आजार, त्यात बोटांच्या बेचक्या पाण्यानं खाल्लेल्या, चीर पडली की महिना महिना भरायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हात पाण्यात घालू देऊ नका. पुतण्याचं काही चुकलं नव्हतं.

यवतमाळहून एक माणूस येऊन मशीन बसवून गेला. त्यानं भराभर सगळं सांगितलं आणि मी सगळं समजल्यासारखी मान हलवली. ही न समजता मान हलवायची कला मला त्या अकरावीवालीनंच शिकवली आहे. पहिल्याच फेरीत मी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कढई आत घातली, ती काळीठिक्कर होऊन बाहेर आली. लाकडी पोळपाट घातला, तो तडकला. पेल्यांवर पांढरी साय धरायला लागली, तेव्हा पुतण्या म्हणाला, बोअरचं पाणी जड आहे, मीठ टाक. मी स्वयंपाकाचं मीठ टाकलं, भरपूर. ते आत भिजून दगड झालं आणि मी अख्खी दुपार चमच्यानं खरवडत बसले.

"बाई, पाह्यलं काय? मशीनले मिठाचं पिठलं खाऊ घातलं म्या!"

जाऊबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

त्या हसल्या नाहीत, तिथे माझा चमचा थांबला. विसरायला तर त्यांना आधीच लागलं होतं. साखर कुठे ठेवली, जेवण झालं की व्हायचं आहे, हे होतंच. पण बोलायच्या. भांडी घासता घासता चार शब्द निघायचेच. मशीन आलं, भांडी बंद झाली आणि बाई खिडकीशी जाऊन बसल्या त्या बसल्याच. दिवसभरात एखादा हुंकार. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं मेंदू थकतो, त्यांच्याशी बोलत राहा. मला हे सांगावं लागतं! मी बोलतच होते. समोरून काही येत नव्हतं. मग एक दिवस ध्यानात आलं की त्यांनी मला कितीतरी दिवसांत 'छोटे' म्हणून हाक मारलेली नाही. आता मला काकू म्हणणारे होते, आजी म्हणणारे होते. छोटी म्हणणारं या जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते माझ्याकडे परक्या बाईसारखं पाहत होतं.

मला फार काही नको होतं. ती हाक पुन्हा एकदा ऐकायची होती.

पाऊस सरता सरता मशीन अडलं. झाकण उघडलं तर तळाशी खरकटं पाणी तसंच, आणि वर टूं टूं. जाळी घासून पाहिली, मागची नळी कुठे मुडपली का पाहिलं. काही नाही. शेवटी भांडी घमेल्यात भरली आणि मागच्या दारी नेली. नळ सोडला, आणि मागून चपलेचा आवाज आला.

जाऊबाई. न बोलावता आल्या, आपल्या पाटावर बसल्या, पदर खोचला आणि हात पुढे केला. राख मागत होत्या. मी पावडर दिली, ती त्यांनी नाकाला लावून बाजूला सारली. मी पाणी तापवायच्या बंबातली मूठभर राख आणून दिली. मग ते हात चालायला लागले. तवा, पातेलं, ताटं. विसरलेलं काहीच नव्हतं त्या हातांत. मी रबरी मोजे आणून दिले, तर त्यांनी तेही राखेनं घासले आणि माझ्याकडे विसळायला सरकवले.

मग म्हणाल्या, "पानी जपून वापर. इहीर आटून राह्यली."

विहीर बुजवून वर लिंबाचं झाड लावलं त्याला जमाना झाला. पण बाई बोलल्या होत्या. मी नळ बारीक केला.

संध्याकाळी पुतण्यानं फोनवर चेहरा दाखवत मला मशीनमध्ये उतरवलं. "काकू, वाटीनं पाणी काढ. जाळीखाली प्लास्टिकचं झाकण दिसतं? ओढ ते. आत एक बारकं चाक आहे, बोट लावून बघ, फिरतं का?"

बोट लावलं. चाक फिरत नव्हतं. त्याच्या पात्यात काहीतरी गुळगुळीत बसलं होतं. नखानं उकरून काढलं तर चिंचोका. आदल्या दिवशीच्या सारातला. चाक गर्रकन फिरलं.

मी त्या चिंचोक्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. चिंचोका परत होता तिथे दाबून बसवला.

"नाई फिरत रे बाप्पा," मी फोनला सांगितलं.

त्यानंतर रोज आम्ही मागच्या दारी. त्या घासायच्या, मी विसळायची, आणि शब्द एकेक करून परत यायला लागले. भांडी संपली की मी त्यांचे हात कोरडे करायची, बेचक्यांत मलम भरायची. बेचक्या पुन्हा लाल व्हायला लागल्या होत्या, ते मला दिसत होतं. पण बाई बोलतही होत्या. मी काय करायचं?

फक्त, त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. शेजारपाजारची कुणी बाई मदतीला येऊन बसली आहे, असं त्यांना वाटायचं. मी एकदा विचारलंही, "मी कोन वो बाई?"

"तू नाई का थे... तिकडली," त्या म्हणाल्या. मी तिकडली झाले.

तिकडलीनं मग चौकशी सुरू केली. "बाई, तुमच्या घरी कोन कोन असते?"

"आत्याबाई हायेत. अन् छोटी हाय."

माझ्या हातातली वाटी पाण्यातच राहिली. "छोटी कोन?"

"माही जाऊ. यवतमाळची." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लय नखरेल हाय. नखं रंगवते."

"या माय! अन् काम?"

"कायचं काम! कल्हई लावेल पातेलं घासून ठेवलं तिनं. पितळ निघेपावतर!" त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या.

"येडी बयताडच म्हना की."

"बयताड! अन् बोलते किती बाई! चिमन्या बऱ्या."

"तुमचं डोकं नाई उठत?"

"उठते ना. पन ती गप झाली की करमत नाई."

स्वतःची चहाडी मी आयुष्यात इतक्या चवीनं कधी ऐकली नव्हती. रोज मी तेल ओतायची, त्या पेटायच्या. छोटीच्या भाकरीला कसा नकाशा असतो, छोटी कापूस वेचायला गेली तर अर्धा कापूस बोंडातच कसा राहतो, छोटीनं तांब्या विहिरीत कसा टाकला. मीही माझ्या पदरचं घालायची. हाक मारली नाही तर नाही, पण त्यांच्या तोंडात दिवसभर छोटी होती.

दिवाळीला पुतण्या आला. सामान ठेवलं आणि मशीनपुढे मांडी घालून बसला. मी चुलीशी उगाच पोहे परतत राहिले. त्यानं पाणी काढलं, जाळी काढली, झाकण ओढलं, आत बोट घातलं. मग उठून नळाखाली काहीतरी धुतलं आणि मुठीत धरून मागच्या दारी गेला. तिथे त्याची आई भांडी घासत होती आणि छोटीच्या नावानं एकटीच काहीबाही बोलून हसत होती. त्यानं आधी तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. तिनंही त्याला पाहिलं आणि आत वळून मला ओरडून सांगितलं, "अवो, पाव्हना आला कोनी. च्या ठेव!"

तो आत आला. मला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोललाच पाहिजे. त्यानं माझी मूठ उघडली, त्यात ओला चिंचोका ठेवला आणि मूठ बंद केली.

"तिच्या हाताला मलम रोज लावत जा काकू," म्हणाला. "विसरू नको."

मशीनवाल्याला फोन करायचं नाव त्यानं काढलं नाही. जाताना गाडीत बसल्यावर त्याला डोळे पुसताना मी पाहिलं. चिंचोका मी मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिला. मशीन आता केव्हाही चाललं असतं. मी त्याचं दार लावून ठेवलं.

थंडी पडली. एका दुपारी बाई घासता घासता एकदम म्हणाल्या, "छोटीचं पयलं लेकरू गेलं ना."

त्या लेकराबद्दल या घरात कुणी बोलत नाही. ते जन्मलं आणि संध्याकाळ पाहिली नाही त्यानं. मी त्याला धड पाहिलंही नव्हतं.

"तवापासून मी तिले इथं एकटीले नाई सोडत," त्या म्हणाल्या. "इहीर जवळ हाय."

नळ चालू होता. मी तो बंद केला.

किती वर्षं मी समजत होते की कल्हईच्या पातेल्यापासून या बाईचा माझ्या हातांवर विश्वास नाही, म्हणून मी येण्याआधीच ती पाटावर हजर असते. ताप असला तरी, पाहुणे असले तरी, स्वतःच्या लेकाचं लग्न घरात असलं तरी. मी तिला चिडवायची, की बाई, तुमचा या राखेत जीव अडकला आहे. लेकरू गेल्यावर त्या महिन्यांत विहिरीच्या काठाशी बसून माझ्या मनात काय यायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. राखेनं माखलेला एक हात ताटं सरकवत राहायचा, मी विसळत राहायची, ढीग संपला की ती मला पुढे घालून घरात न्यायची.

मला त्या पोरीचा असा राग आला! नखरे, नखं, भाकरीचे नकाशे, हे सगळं ठीक. पण शेजारी बसलेलं माणूस कशासाठी बसलंय, हे तिला कळू नये?

"तुमची छोटी दगड हाय, बाई," मी म्हणाले. त्यात गंमत नव्हती. "तुमी तिच्यासाठी इथं बसल्या, अन् तिले पत्ता नाई. निस्तं खाल्लं अन् बडबड केली. काय कामाची थे? असली जाऊ काय चाटाची?"

जाऊबाईंचे हात थांबले. त्यांनी हातातली मूठभर राख माझ्या अंगावर फेकली.

"ऊठ."

"अवो बाई..."

"ऊठ तिथून! माह्या छोटीले नावं ठेवते? तू कोन हायस कोन? थे हसते तवा हे घर हाय. ऊठ! थे छोटीची जागा हाय. छोटी येईन अन् इसळन."

मी उठले. राख झटकलीसुद्धा नाही. जे ऐकायला मी इतके महिने चिंचोका लपवला ते मिळालं होतं, आणि त्याच तोंडानं माझा पाट गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्या बसल्या, पण माझ्या पाटावर हात ठेवून. मी जवळ गेले की हात आणखी घट्ट. मी म्हटलं, बाई, मीच छोटी हाय. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "छोटीचे केस काळे हायेत." बरोबर होतं. भांडी तशीच पडली. छोटी आल्याशिवाय त्या तव्याला हात लावीनात. दार वाजलं की मान वर करायच्या, मी दिसले की खाली घालायच्या.

मग मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. बाजारात जाऊन लाल नखपॉलिशची बाटली आणली. दुकानदारानं विचारलं, नातीसाठी का आजी? मी हो म्हटलं. घरी येऊन दिवाणावर बसून दहाही नखं रंगवली. हात थरथरतो, अर्धा रंग बोटांनाच लागला. तशीच जाऊन मागच्या दारी उकिडवी बसले आणि हात त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी नखं पाहिली. खूप वेळ पाहिली.

"या वयात?" त्या म्हणाल्या. "लाज नाई वाटत काय वं म्हातारे?"

आणि त्या अशा हसल्या, की मलाही हसू आलं. हसता हसता मी किती रडले ते नळाला माहीत. पाट काही मिळाला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. थंडीत त्या मागच्या दारी वाट पाहत बसायच्या. आत आणलं तर पुन्हा खिडकी, पुन्हा मुक्या. भांड्यांचा ढीग साचला. मी एकटीनं घासायला बसावं तर त्या उठून येत आणि माझ्या हातातलं भांडं काढून घेत. शेवटी एका सकाळी मी मशीन उघडलं. बंद राहून आतून कुबट वास येत होता. जाळी घासली, रबराच्या खाचा फडक्यानं पुसल्या, लिंबाच्या दोन फोडी ठेवून रिकामंच एकदा फिरवून घेतलं. मग भांडी लावली. उलटी, उतरती, ताटं पंख्याला लागणार नाहीत अशी. बटण दाबलं आणि खिडकीशी बाईंजवळ जाऊन बसले. तोंडाला पदर लावून. आता काय उरलंय, असंच वाटत होतं.

आत पाणी भरलं. मग ते फिरायला लागलं. ताटांवर पाण्याचा सपका, मध्येच दोन वाट्यांचा किणकिण आवाज, मग नळीतून पाणी गेल्याचा गुळगुळाट.

जाऊबाईंनी मान वळवली. कान दिला.

"छोटी आली वाटते," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"भांडे घासून राह्यली," त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि पाठ भिंतीला टेकली. खांदे सैल पडले. "एकटीच हाय तिथं. जाऊन पाह्य बरं जरा."

मी गेले. मशीनपुढे उभी राहिले. परत येऊन म्हणाले, "ठीक हाय थे. गाणं म्हणून राह्यली."

"बेसूर म्हणते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मशीन रोज चालतं, भांडी पुरेशी नसली तरी. पुतण्याला फोन केला, मीठ पाठव म्हटलं. तो म्हणाला, "चालू झालं का?" मी म्हटलं, झालं. मोठा खोका आला. बाईंचे हात आता कोरडे असतात, बेचक्या भरून आल्या आहेत. बोलणं कमी होत चाललं आहे. पण पाण्याचा आवाज सुरू झाला की त्या कान देतात, म्हणून जाळी तुंबू देऊन चालत नाही. पंखा अडून चालत नाही. एक दिवस जरी ते थांबलं तरी त्या दाराकडे पाहायला लागतील.

आवाज थांबला की मी चहा ठेवते. दोन कप घेऊन बाहेर येते.

"अन् छोटीचा?"

"भांडे पुसून राह्यली."

"मंग तिचा झाकून ठेव. थंडा होईन."

मी आत जाते, तिसरा कप भरते आणि त्यावर बशी उपडी घालते. त्यांचं लक्ष असतं, बशीचा आवाज झाला पाहिजे. मग आम्ही दोघी बसून आपापला चहा पितो, आणि छोटीची वाट पाहतो. त्या झोपल्या की मी स्वयंपाकघरात उभ्यानं तो तिसरा कप पिते. गार झालेला असतो. कप उद्याच्या भांड्यांत ठेवते.